उजवीकडून डावीकडे

मारिविक मनिलाला परत गेली तेव्हा
भाताचा कुकर, अर्धी बाटली व्हिनेगर
आणि मागचा पुठ्ठा फाटलेली एक इंग्रजी मांगा
माझ्यासाठी ठेवून गेली.

फाहाहीलच्या या खोलीला खिडकी नाही.
प्लायवूडपलीकडे एक जोडपं
मला कळू नये म्हणून हळू भांडतं, मल्याळममध्ये,
जी मला नाहीतरी कळत नाही.

मी मिरजेची. डावीकडूनच उघडणार.
पहिल्याच पानावर एक मुलगा, रिकामी खोली, दिवा न लावलेला.
मग तो पाठमोरा जिन्यावर,
मग पूल, आगगाडी,
मग फाडलेलं पत्र, पुढच्या चौकटीत तेच अख्खं,
आणि अगदी शेवटी जेवणाचं टेबल,
पाच माणसं, वाफ.
बरं झालं बाई, म्हटलं, पोहोचला एकदाचा.
उत्तरं प्रश्नांच्या आधी येत होती खरी,
पण आमच्या घरीही तसंच बोलतात.

महिन्याभराने एक्स-रे खोलीत हुदाने ते पुस्तक हातात घेतलं
आणि सहज, काही न विचारता, पाठीमागून उघडलं.
"हे आमच्यासारखं वाचायचं असतं गं."
म्हणजे पाच माणसं आधी.
वाफ आधी.
त्या रात्री मी नव्याने सुरुवात केली
आणि पुलापाशी थांबले.
पुढचं मला पाठ होतं.

निनादने त्याचा जुना गेम दिलाय, बटण अडकणारा.
त्यात नदीकाठी एक नावाडी उभा असतो.
त्याला दोनच वाक्यं येतात:
आज पाणी चढलंय. उद्या ये.
लोक त्याला ओलांडून राक्षस मारायला जातात.
मी अजून पलीकडे गेलेच नाही.
रोज ड्यूटी संपली की जाते, त्याच्यासमोर उभी राहते,
बटण दाबते.
दिवसभर मीही अरबीत दोनच वाक्यं बोलत असते,
श्वास घ्या. रोखून धरा.
साठ-सत्तर छात्या रोज. कुणी तिसरं वाक्य मागत नाही.
एकदा एक म्हातारा श्वास सोडायचाच विसरला,
सोडा, हा शब्द मला आठवेना,
मग मीच काचेमागून मोठ्याने सोडून दाखवला.
तो हसला. प्लेट हलली. पुन्हा काढावी लागली.

सिनेमांवर मात्र माझा राग आहे.
तिथल्या एकट्या बाईला मोठी खिडकी मिळते,
खिडकीबाहेर पाऊस, आणि व्हायोलिन.
कुठल्याच एकट्या बाईला मी
खबूस कोरडी खाताना पाहिलेलं नाही,
किंवा तीन वेळा गॅस बंद आहे ना बघताना.
तरी शुक्रवारी एकशे दोन नंबरची बस पकडून जाते,
शेवटची नावं संपेपर्यंत बसते.
खाली अगदी बारीक अक्षरात एकदा एक
कुलकर्णी की कुलकर्ण असं काहीसं सरकून गेलं.
झाडूवाला माझ्या पायाशी येऊन थांबलेला.

मंडळाच्या कपाटातल्या एका कादंबरीत
पान एकशे बाराच्या समासात कुणीतरी
पेन्सिलीने लिहिलंय: हे खोटं आहे.
खाली दुसऱ्या अक्षरात: तुम्हाला काय माहीत?
मी ती तीनदा नेली.
तिसऱ्या वेळी पेन्सिल घेऊन बसले, आणि नुसती टोक काढत राहिले.

जूनमध्ये घरी जाऊन आले.
पंगत, पाच माणसं, वाफ, सगळं होतं.
चौथ्या दिवशी दुपारी
मला त्या प्लायवूडची आठवण आली.
कुणाला सांगणार?
आईने विचारलं, बरं वाटत नाही का. म्हटलं, ऊन.

आता मारिविकच्या पलंगावर इलामची पबित्रा आली आहे.
एकवीस वर्षांची. झोपेत दात खाते.
काल मी डबा भरत होते तेव्हा
तिने ती मांगा उचलली,
फाटक्या बाजूने उघडली,
आणि मांडी घालून बसली.

मी कुकरचं झाकण लावलं.
काही बोलले नाही.